मुष्टियुद्धातील निर्णय आणि उत्तरदायित्व

१

खेळांच्या निकालांचे स्थूलमानाने दोन वर्ग पाडता येतात. पहिल्या वर्गातील निकाल खेळातूनच सिद्ध होतो. धावण्याच्या शर्यतीत जो प्रथम पोचतो तो जिंकतो; पंचाकडे ते जाहीर करण्याचेच काम उरते. दुसऱ्या वर्गातील निकाल मात्र कोणा माणसाने तसे म्हटल्याखेरीज अस्तित्वातच येत नाही. मुष्टियुद्ध ह्या दोन वर्गांच्या सीमेवर उभे आहे. खाली पडलेला योद्धा दहा अंक मोजून होईपर्यंत उठला नाही, तर निकाल सर्वांच्या डोळ्यांदेखत लागतो. परंतु दोघेही अखेरच्या घंटेपर्यंत उभे राहिले, तर रिंगणाबाहेर बसलेल्या काही व्यक्तींनी कागदावर किंवा यंत्रावर काय नोंदवले, ह्यावर सर्व अवलंबून राहते. रिंगणाच्या आत वावरून लढतीचे नियमन करणारा तो पंच आणि बाहेर बसून गुण देणारे ते परीक्षक, असा भेद प्रस्तुत विवेचनात पाळला आहे.

ह्या दुसऱ्या प्रकारच्या निकालाचे स्वरूप समजून घेण्यास भाषाव्यवहाराचा विचार उपयोगी पडतो. जे. एल. ऑस्टिन ह्यांनी १९५५ मध्ये हार्वर्ड येथे दिलेल्या आणि १९६२ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांत, बोलणे हीच जेथे कृती असते अशा उक्तींचे वर्गीकरण केले आहे. त्यांतील एक वर्ग निर्णयात्मक उक्तींचा आहे. पंचाने ‘बाद’ म्हटले की फलंदाज खेळापुरता बाद होतोच. परंतु तेवढ्याने पंचाचे म्हणणे बरोबर ठरते असे नाही. शपथ किंवा नामकरण ह्यांबाबत खरे-खोटे विचारता येत नाही. निर्णयाबाबत ते विचारता येते. कारण निर्णय हा कशाच्या तरी आधारावर दिलेला असतो. आधार नसेल तर तो निर्णय न राहता केवळ आज्ञा होते.

मराठीत ह्या व्यवहारासाठी तीन शब्द आहेत आणि ते समानार्थी नाहीत. ‘निकाल’ म्हणजे प्रश्नाचा शेवट, ‘निर्णय’ म्हणजे विचाराअंती काढलेला निष्कर्ष आणि ‘न्याय’ म्हणजे तो निष्कर्ष योग्य असणे. मुष्टियुद्धाच्या प्रत्येक लढतीला निकाल असतो. त्या निकालामागे निर्णय होता की नव्हता, हे जाणून घेण्याची सोय ह्या खेळाने कधीच पुरतेपणी केलेली नाही. गेल्या काही दशकांत गुण मोजण्याच्या पद्धती पुन्हा पुन्हा बदलल्या, माणसे बदलली, संघटनाही बदलल्या. परंतु ‘हा गुण कशासाठी दिला?’ हा प्रश्न परीक्षकाला नियमितपणे विचारला जाईल अशी व्यवस्था झाली नाही. ह्या खेळातील अन्यायाचे मूळ मुख्यतः ह्या उणिवेत शोधले पाहिजे.

२

प्रथम नियमांची भाषा पाहावी. व्यावसायिक मुष्टियुद्धात परीक्षकापुढे चार निकष ठेवलेले असतात : स्वच्छ ठोसे, परिणामकारक आक्रमकता, रिंगणावरील ताबा आणि बचाव. ऑलिंपिक प्रकारच्या मुष्टियुद्धात २०१३ नंतर जी पद्धत आली तिचे निकष असे : लक्ष्यक्षेत्रावर बसलेल्या दर्जेदार ठोशांची संख्या, तंत्र व डावपेच ह्यांतील श्रेष्ठतेने मिळवलेले वर्चस्व आणि लढतीतील चुरस टिकवण्याची वृत्ती. दोन्हींत प्रत्येक फेरी जिंकणाऱ्यास दहा आणि हरणाऱ्यास त्याहून कमी गुण देण्याची रीत आहे.

ह्या निकषांतील नामे आणि विशेषणे वेगळी करून पाहिली, तर अडचण कोठे आहे हे ध्यानात येते. ‘संख्या’ हे मोजता येण्याजोगे नाम आहे. परंतु ज्यांची संख्या मोजावयाची ते ठोसे ‘दर्जेदार’ असले पाहिजेत. म्हणजे काय मोजावे हे विशेषण ठरवते, आणि विशेषण स्वतः मोजता येत नाही. ‘परिणामकारक आक्रमकता’ हा शब्दप्रयोग तर आत्मविरोधाच्या जवळ जातो. एखादा योद्धा सारखा पुढे सरसावत असेल आणि प्रत्येक पावलागणिक ठोसे खात असेल, तर तो आक्रमक खरा. परंतु परिणाम दुसऱ्याच्या ठोशांचा होत असतो. उलट, मागे सरकणारा योद्धा पळ काढत आहे की प्रतिस्पर्ध्याला आपल्याला सोयीच्या जागी ओढत आहे, हे ठरवण्यास त्याच्या पायांची हालचाल पुरेशी नसते. एकच वर्तन एका परीक्षकास माघार वाटते, दुसऱ्यास ताबा. ह्या निकषांना परस्परांत किती वजन द्यावयाचे, हेही प्रत्यक्षात परीक्षकाच्या मनावरच राहते.

परंतु संदिग्धता हा शब्दांचा दोष आहे, एवढे म्हणून थांबणे योग्य नाही. कायद्याच्या भाषेतही ‘वाजवी’ किंवा ‘सद्भावनेने’ असे शब्द आहेत आणि त्यांवाचून कायद्याचे चालत नाही. फरक असा की, न्यायालय अमुक कृत्य वाजवी नव्हते असे म्हणते तेव्हा ते का नव्हते हे त्याला लिहावे लागते. ते लिखाण वरिष्ठ न्यायालय तपासते, वकील त्यावर वाद घालतात, पुढचा न्यायाधीश त्याचा आधार घेतो किंवा त्यापासून दूर जातो. अशा रीतीने संदिग्ध शब्दाभोवती अर्थाची एक परंपरा जमत जाते आणि शब्द हळूहळू निश्चित होतो. मुष्टियुद्धातील ‘स्वच्छ’, ‘परिणामकारक’, ‘वर्चस्व’ हे शब्द पिढ्यान्‌पिढ्या वापरात असून त्यांच्याभोवती अशी परंपरा जमलेली नाही. कारण प्रत्येक वेळी त्यांचा अर्थ परीक्षकाच्या मनात लागला आणि तेथेच विरून गेला. बाहेर आला तो केवळ आकडा.

३

ह्याचे सर्वांत गाजलेले उदाहरण १९८८ च्या सेऊल ऑलिंपिकमधील आहे. ७१ किलो वजनी गटाच्या अंतिम लढतीत अमेरिकेचा रॉय जोन्स आणि यजमान दक्षिण कोरियाचा पार्क सी-हुन समोरासमोर होते. अमेरिकन दूरचित्रवाणीने केलेल्या मोजणीत जोन्सचे ८६ ठोसे बसले होते आणि पार्कचे ३२. निकाल ३–२ असा पार्कच्या बाजूने लागला. त्याच स्पर्धेतील सर्वोत्तम शैलीच्या योद्ध्याचा व्हॅल बार्कर चषक मात्र जोन्सला देण्यात आला. पराभूत योद्धाच स्पर्धेतील सर्वांत निपुण होता, असे संयोजकांनीच जणू मान्य केले.

पार्कच्या बाजूने मत देणाऱ्या एका परीक्षकाने नंतर दिलेले स्पष्टीकरण प्रसिद्ध झाले आहे. जोन्स इतक्या सहजपणे जिंकला होता की इतर चौघे त्यालाच मत देतील अशी आपली खात्री होती. यजमान देशाची शोभा राहावी म्हणून आपण एक मत कोरियनाला दिले, असा त्याचा आशय होता. हे स्पष्टीकरण खरे मानले तर लाच नव्हे, पण लाचेइतकीच गंभीर गोष्ट उघड होते : परीक्षकाने आपल्या निर्णयाचा विषयच बदलला. ‘कोण सरस लढला?’ ह्या प्रश्नाऐवजी त्याने ‘निकाल कसा दिसावा?’ ह्या प्रश्नाचे उत्तर दिले. आकड्यावरून ही अदलाबदल कोणालाही कळली नसती. ती कळली ती कारण उच्चारले गेल्यामुळे.

आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने ह्या प्रकरणाची चौकशी १९९७ मध्ये आटोपली. परीक्षकांना लाच दिल्याचा पुरावा नाही असे ठरले आणि निकाल कायम राहिला. चौकशीचा प्रश्न केवळ ‘पैसे घेतले काय?’ एवढाच असला, तर ‘गुण कशाच्या आधारे दिले?’ हा प्रश्न अनुत्तरितच राहतो, हे ह्यावरून दिसते. अखेर, ज्याने निकाल दिला नव्हता त्यानेच त्याचे उत्तर दिले. २०२३ मध्ये पार्क अमेरिकेत जोन्सच्या घरी गेला आणि आपले सुवर्णपदक त्याच्या हाती ठेवले. त्या भेटीचे चित्रण २०२५ मध्ये लोकांपुढे आले. पार्कचे हे वर्तन त्याच्या मोठेपणाची साक्ष देते. परंतु ज्या व्यवस्थेत चुकीचे ओझे लाभार्थी योद्ध्याला पस्तीस वर्षे वाहावे लागते, तिच्याविषयीही ते पुष्कळ सांगून जाते.

४

सेऊलनंतर उपाय शोधला गेला तो यंत्राचा. १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकपासून परीक्षकांपुढे तांबड्या व निळ्या कोपऱ्यांसाठी कळा बसवण्यात आल्या. दीर्घकाळ चाललेल्या नियमानुसार पाचांपैकी किमान तिघांनी एका सेकंदाच्या आत एकच कळ दाबली, तर गुण नोंदला जाई. कल्पना अशी की, एकट्याच्या लहरीला वाव राहू नये आणि संदिग्ध विशेषणांच्या जागी निखळ संख्या यावी.

व्यवहारात मात्र संख्येनेच खेळाचे रूप बदलले. वेगाने लागोपाठ मारलेल्या चार-पाच ठोशांच्या मालिकेस तिघांच्या बोटांचा मेळ बसणे कठीण. म्हणून ती मालिका एका गुणाची ठरे किंवा मुळीच नोंदली जात नसे. पोटावर व बरगड्यांवर बसलेले ठोसे दुरून नीट दिसत नसल्यामुळे उपेक्षित राहत. दुरून मारलेला सरळ, सुटा ठोसा सर्वांना दिसे आणि तोच गुण मिळवी. योद्धे साहजिकच तेवढेच मारू लागले. जे मोजता येते त्यालाच मोल आले. शिवाय कळ दाबणारा परीक्षक पूर्वीइतकाच मुका राहिला; त्याचे मौन केवळ अधिक तुकड्यांत विभागले गेले. ही पद्धत २०१२ च्या लंडन ऑलिंपिकनंतर मोडीत निघाली आणि दहा गुणांची रीत आली.

ह्या रीतीची पहिली मोठी कसोटी २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये झाली. तेथे पाच परीक्षक बसत आणि त्यांपैकी तिघांचेच गुण संगणक निवडून धरीत असे. रशियाच्या येव्गेनी तिश्चेन्कोने कझाकस्तानच्या वासिली लेवितवर अंतिम लढतीत मिळवलेल्या विजयास प्रेक्षकांनी उघड विरोध केला. आयर्लंडचा मायकेल कॉनलन रशियाच्या व्लादिमिर निकितिनकडून पराभूत ठरला. परंतु ‘विजयी’ निकितिन दुखापतींमुळे पुढच्या फेरीत उतरूच शकला नाही. स्पर्धेनंतर तेथील सर्व ३६ पंच-परीक्षकांना बाजूला ठेवण्यात आले. रिचर्ड मॅक्लारेन ह्यांचा चौकशी अहवाल सप्टेंबर २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला आणि रिओत लढतींचे निकाल फिरवण्याची यंत्रणा अस्तित्वात होती, हे त्याने पुढे आणले. कोणत्या लढतीसाठी कोण परीक्षक बसावा ही निवडच हाताळली जात होती. पंच-परीक्षकांत भीती, धाक व आज्ञापालन ह्यांचे वातावरण होते, असे त्याचे निष्कर्ष आहेत.

हा अहवाल महत्त्वाचा आहे. कारण त्याने दोष व्यक्तीकडून व्यवस्थेकडे नेला. तथापि त्याची दृष्टी स्वभावतःच गुन्हेशोधकाची आहे. कोणी कोणास खूण केली, कोणी कोणास नेमले, हे तो शोधतो. भ्रष्ट परीक्षक हुडकून काढल्यावर जे प्रामाणिक परीक्षक उरतात, त्यांच्या निर्णयाची परीक्षा कशी करावी, हा प्रश्न त्याच्या कक्षेबाहेर राहतो. आणि आकड्यामागे कारण नोंदवलेले नसल्यामुळेच भ्रष्टाचारास आडोसा मिळतो, हा दुवाही लक्षात ठेवला पाहिजे. दहा-नऊ हा आकडा प्रामाणिक हाताने लिहिला काय किंवा विकलेल्या हाताने लिहिला काय, दिसतो एकसारखाच.

५

कारण देता येणे आणि न येणे ह्यांत प्रत्यक्ष किती अंतर पडते, हे भारतीय योद्ध्यांच्या दोन प्रकरणांवरून स्पष्ट होते. लंडन येथे २०१२ मध्ये विकास कृष्णन हा ६९ किलो गटात अमेरिकेच्या एरॉल स्पेन्सवर १३–११ असा विजयी घोषित झाला. अमेरिकेने तक्रार केली. फेरतपासणीत असे सांगण्यात आले की, तिसऱ्या फेरीत विकासने प्रतिस्पर्ध्याला धरून ठेवण्याचे नऊ अपराध केले, तसेच दुसऱ्या फेरीत दातांवरील रक्षक हेतुपुरस्सर बाहेर टाकला. ह्याबद्दल पंचाने ताकीद दिली असती तर स्पेन्सला किमान चार गुण मिळाले असते. निकाल १५–१३ असा उलटला. भारताचे अपील क्रीडा लवादाने फेटाळले. त्याच स्पर्धेत जपानच्या सातोशी शिमिझूचा पराभवही उलटला. त्याचा प्रतिस्पर्धी तिसऱ्या फेरीत सहा वेळा खाली गेला असताना पंचाने लढत थांबवली नव्हती.

भारतीय वाचकास विकासचा निकाल कटू वाटणे स्वाभाविक आहे. परंतु तटस्थपणे पाहता ह्या निर्णयात एक गुण होता : तो तपासता येत होता. अपराध नऊ होते की सात, हे चित्रणावरून कोणीही मोजावे; चार गुण कसे आले, हा हिशेब मांडलेला होता. त्याच्याशी असहमत होता येत होते, कारण सहमत किंवा असहमत होण्याजोगे विधान समोर होते.

ह्याच्या उलट प्रकार २०१४ च्या इंचॉन आशियाई क्रीडास्पर्धेत घडला. ६० किलो गटाच्या उपान्त्य लढतीत मणिपूरची सरिता देवी यजमान देशाच्या पार्क जि-ना हिच्याविरुद्ध पराभूत ठरली. लढत पाहणाऱ्या अनेकांना सरिता सरस वाटली होती. भारतीय बाजूची तक्रार टिकली नाही. पंचाच्या वर्तनाबद्दल दाद मागता येत असे, परीक्षकांच्या गुणांबद्दल नाही. पदकप्रदानाच्या वेळी सरिताने कांस्यपदक स्वीकारण्यास नकार दिला आणि ते पार्कच्याच गळ्यात घातले. तिच्यावर एक वर्षाची बंदी आली. येथे शिस्तभंग झाला हे नाकारता येणार नाही. परंतु जिला लेखी प्रश्न विचारण्याचा मार्ग उपलब्ध नव्हता, तिने तो प्रश्न हावभावाने विचारला, हेही तितकेच खरे. व्यवस्थेने प्रश्न विचारणाऱ्या व्यक्तीला शिक्षा केली आणि प्रश्न तसाच ठेवला.

ह्या दोन स्पर्धांमधील भेद असा : अपराध, खाली पडणे ह्यांसारख्या मोजता येणाऱ्या गोष्टींबाबत दाद होती, कारण तेथे पंचाला नियमाचा आधार दाखवता येत होता. दर्जा व वर्चस्व ह्यांबाबत दाद नव्हती. म्हणजे जेथे निर्णय सर्वाधिक व्यक्तिनिष्ठ, तेथेच तो सर्वाधिक अबाधित. उत्तरदायित्वाचे तत्त्व ह्याच्या नेमके उलट आहे.

पारदर्शकता वाढवली की हा प्रश्न सुटतो, असे मानण्याचा कल अलीकडे दिसतो. टोकियो ऑलिंपिकमध्ये, म्हणजे २०२१ मध्ये, प्रत्येक फेरीनंतर गुण दाखवण्यात येऊ लागले. तेथे मेरी कोमची लढत कोलंबियाच्या इंग्रित वालेन्सियाशी झाली. पहिली फेरी पाचांपैकी चार परीक्षकांनी वालेन्सियाला दिली. दुसरी व तिसरी फेरी प्रत्येकी ३–२ अशी मेरीच्या बाजूने गेली. आणि एकूण निकाल ३–२ असा वालेन्सियाच्या बाजूने लागला. ह्यात अंकगणिताची चूक नाही. फेऱ्यांनुसार बहुमत घेतले तर एक उत्तर येते, परीक्षकांच्या बेरजांनुसार घेतले तर दुसरे, एवढेच. आकडे सर्व उघडे असूनही मेरीला आपण जिंकलो असे वाटले, कारण आकडे दाखवणे आणि अर्थ सांगणे ह्या भिन्न गोष्टी आहेत.

६

भारतीय न्यायशास्त्राने परार्थ अनुमानाचे पाच अवयव मानले आहेत : प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय आणि निगमन. दुसऱ्यास पटवावयाचे असेल तर नुसती प्रतिज्ञा करून भागत नाही. ‘पर्वतावर अग्नी आहे’ ह्यापाठोपाठ ‘धूर आहे म्हणून’ असे म्हणावे लागते. मुष्टियुद्धाचा परीक्षक केवळ प्रतिज्ञा करतो. ‘तांबडा कोपरा, दहा-नऊ’ ह्या वाक्यात हेतूची जागा रिकामी असते आणि ती प्रेक्षक आपापल्या संशयाने भरून काढतात. यजमानपणा, राजकारण, पैसा ह्यांची चर्चा प्रत्येक वादग्रस्त निकालानंतर का उसळते, ह्याचे एक कारण हे आहे. ज्याचे कारण सांगितले जात नाही, त्याला लोक कारण पुरवतात.

ह्यावर दोन आक्षेप येणे साहजिक आहे. पहिला असा की, दोन फेऱ्यांमधील एका मिनिटात परीक्षकाने कारणे लिहीत बसावे, ही अपेक्षा अव्यवहार्य आहे. ती तशी आहेच. परंतु सर्वच फेऱ्यांबाबत ती करण्याचे प्रयोजन नाही. जेथे परीक्षकांत फूट पडते तेवढ्याच फेऱ्यांपुरते, आपण कोणता निकष निर्णायक मानला हे परीक्षकाने नोंदवावे आणि लढतीनंतर चित्रण समोर ठेवून त्याचे दोन-चार वाक्यांत समर्थन करावे, एवढे अशक्य नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. कारणे मागाहूनही रचता येतात. अप्रामाणिक माणूस आकड्याइतक्याच सहजपणे खोटे कारण देईल. हे मान्य केले तरी एक गोष्ट उरते. खोटा आकडा एकटा असतो, खोटे कारण एकटे राहू शकत नाही. आज मागे सरकण्यास ‘ताबा’ म्हणणारा परीक्षक उद्या त्याच वर्तनास ‘माघार’ म्हणेल, तर त्याच्या दोन लेखांची तुलना करता येईल. शब्द माणसाला बांधतात. एकदा दिलेला अर्थ पुढच्या प्रसंगी पाळावा लागतो किंवा मोडल्याचे सांगावे लागते. प्रामाणिक परीक्षकालाही ह्याचा लाभच आहे. १९९९ मध्ये न्यूयॉर्क येथे लेनॉक्स लुइस आणि इव्हँडर होलिफील्ड ह्यांच्या लढतीत होलिफील्डला अधिक गुण देणाऱ्या परीक्षकाने चौकशीत असे सांगितले की, आपल्या जागेवरून जे दिसले त्यानुसार गुण दिले. दूरचित्रवाणीवर पाहता पाचवी फेरी वेगळी दिसते. हे उत्तर मागितले गेले म्हणून परीक्षकाच्या आसनाचा, दृष्टीच्या अडथळ्यांचा प्रश्न निदान चर्चेत आला. दूषित प्रत्यक्षाचा दोष पाहणाऱ्याच्या चारित्र्यावर लादला जाऊ नये, ह्यासाठीदेखील कारण बोलले गेले पाहिजे.

जून २०२३ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने जुन्या जागतिक संघटनेची मान्यता काढून घेतली. फेब्रुवारी २०२५ मध्ये ‘वर्ल्ड बॉक्सिंग’ ह्या नव्या संघटनेस तात्पुरती मान्यता मिळाली आणि २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये मुष्टियुद्धाचा समावेश निश्चित झाला. संघटनेचे नाव व पदाधिकारी बदलल्याने विश्वासास अवसर मिळतो; विश्वासाचा आधार मात्र त्याने तयार होत नाही. तो आधार निर्णयाच्या रचनेतच असावा लागतो.

‘उत्तरदायित्व’ हा शब्द मराठीत पुष्कळदा केवळ ‘जबाबदारी’ ह्या अर्थाने वापरला जातो. त्यातील ‘उत्तर’ विसरले जाते. उत्तर देण्यास बांधलेला तो उत्तरदायी. मुष्टियोद्धा रिंगणात आपले शरीर पणाला लावतो. ऑलिंपिकपर्यंत पोचण्यास त्याची अनेक वर्षे गेलेली असतात आणि पुढची संधी चार वर्षांनी येईलच असे नाही. त्याच्या प्रत्येक चुकीचे उत्तर त्याला तत्क्षणी, डोक्यावर व बरगड्यांवर, मिळत असते. त्याच्या श्रमाचे मोल ठरवणाऱ्याने त्याला एका वाक्याचे उत्तर द्यावे, ही अपेक्षा वाजवीहून अधिक नाही.